उंबऱ्याशी जरा थांब

“जाते म्हणू नये गं! माघारी ये आधी. येते म्हण, आणि मग जा.”

किती वर्षं झाली, पण हा आवाज कानातून निघत नाही. मी शाळेला निघालेली. आमच्या गावचा, हिजलतळ्याचा, बांबूचा साकव अर्धा ओलांडलेला. एका हातात पाटी, दुसऱ्या हातात चपला, कारण चपला घालून साकवावर चढणारी पोर पुढं ओढ्यातच सापडायची. आणि मागून मायची हाक. घाईघाईत माझ्या तोंडून “जाते गं माय” निघून गेलं होतं. तिनं मला अर्ध्या साकवावरून परत बोलावलं, उंबऱ्याला हात लावायला लावला, “येते” म्हणवून घेतलं आणि मगच सोडलं.

आमच्याकडं जितं माणूस जात नाही. बाजाराला निघालेला असो, सासरी निघालेली असो, समुद्रापलीकडं मजुरीला निघालेला असो, सगळे येतो, येते म्हणूनच पाऊल उचलतात. जातो तो फक्त मेलेला, आणि तो काही बोलत नाही.

नदीकाठच्यांना तर हा शब्द डोळ्यांत तेल घालून जपावा लागतो. माय म्हणायची, “नदी बहिरी नसते पोरी. तू जाते म्हणालीस की तिला वाटतं, घर रिकामं झालं. मग ती येते.”

पद्मा नदीच्या आमच्या पट्ट्याला कीर्तिनाशा म्हणतात. फार पूर्वी इथं राजनगर होतं. राजानं एकवीस कळसांचं मंदिर बांधलं होतं, तलाव खोदले होते. नदीनं ते सगळं एकेक घास करून खाल्लं. राजाची कीर्ती गेली, म्हणून नदीला हे नाव मिळालं. आमच्यासारख्यांची घरं गेली, त्याबद्दल तिला कुणी नवं नाव दिलं नाही.

भात कांडताना माय गायची. आवाज भसाडा, पण मुसळाच्या ठोक्याला शब्द बरोबर बसायचा:

नदीबाई, भूक तुझी
खा गं शेत, खा गं बांध
उंबऱ्याशी जरा थांब
पाय धुते.

शेत गेलं तेव्हा माय रडली नाही. बांध गेला, सुपारीची बाग गेली, तेव्हाही नाही. तिचं म्हणणं एवढंच, की पाहुणी दारापर्यंत आली तर तिचे पाय धुवावेत, पण घरात घेऊ नये.

घरामागं फणस होता आणि फणसाखाली आमच्या बाबांची कबर. कबरीच्या शेजारी माणूस निजेल एवढी जागा मायनं मोकळी ठेवलेली. तिथं ती गवत वाढू द्यायची नाही. वहिनी जिवंत होती तेव्हा तिनं एकदा तिथं मिरचीची रोपं लावली, तर मायनं सगळी उपटून तिच्या पदरात घातली. “ती माझी खोली आहे,” म्हणाली. “तुझी मिरची तुझ्या खोलीत लाव.”

मग मायच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. भादव्यात मी तिला ढाक्याला नेलं. निघताना ती उंबऱ्याला हात लावून “येते” म्हणाली. फणसाखाली जाऊन उभी राहिली आणि तिथंही हळू आवाजात, शेजारच्या खोलीतल्या माणसाला सांगावं तसं, म्हणाली, “येते हं.”

डोळ्यांवर पट्टी बांधून ती दवाखान्यात पडलेली असताना माझ्या भावाचा फोन आला. लोकमान माझ्याहून मोठा. मी त्याला मियाभाई म्हणते, तो मला फुली म्हणतो. मयफुल हे माझं अख्खं नाव त्याच्या तोंडात कधी बसलंच नाही.

“फुले,” तो म्हणाला, “फणस गेला.”

मला वाटलं, वादळ झालं असेल. “फणस गेला म्हणजे? पडला?”

“नाही गं. फणस सगळ्यांत शेवटी गेला.”

डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नाही. तेवढ्यापुरतं लपवायचं आम्ही ठरवलं. पट्टी सुटली, पण सांगायचं राहिलं. मायचे डोळेही काही आले नाहीत. उजेड आणि सावली एवढंच तिला कळतं. मी तिला माझ्याकडं, काठापासून लांब, बाजाराच्या गावी घेऊन आले. लोकमाननं तिला सांगितलं, काठाला सरकारी माणसं वाळूच्या पिशव्या टाकतायत, कुणाला फिरकू देत नाहीत. त्याला तेवढं अधूनमधून झाडलोटीला सोडतात. घर उभं आहे. कबरीवर तो अगरबत्ती लावतो.

मायनं पदराच्या गाठीतून दुध्या भोपळ्याच्या बिया काढून त्याला दिल्या. स्वयंपाकघराच्या मांडवाखाली लाव, म्हणाली. त्यानं त्या नेल्या. मग दर मोसमात तो बाजारातून दुध्या विकत घेऊन यायचा, देठाला थोडी माती चोळून.

त्याचा धंदाही असा, की खोटं बोलणं त्याला जड जाऊ नये. बाबा अंगणात जुन्या किस्सेकहाण्यांची पोथी सुरात वाचायचे. त्यांचा गळा लोकमानकडं आला. घर गेल्यावर तो सरकारी बांधावर पत्र्याच्या पडवीत राहायला लागला, आणि कुणीतरी ढाक्याच्या एका सहलीवाल्या कंपनीला त्याचं नाव सुचवलं. देश बघायला निघालेल्या लोकांना ते ढाक्यातला लालबागचा किल्ला दाखवतात, ओस पडलेलं पानाम नगर दाखवतात, जुन्या मशिदी, भाजलेल्या मातीच्या चित्रांची देवळं दाखवतात. ते सगळं डोळ्यांना दिसतं. शेवटच्या दिवशी कीर्तिनाशा. तिथं लोकमान जे दाखवतो ते कुणालाच दिसत नाही.

या कार्तिकात मायला धाप लागायला लागली. रात्रभर ती बसून राहायची, सकाळी कुठं डोळा लागायचा. औषधवाला मला बाजूला घेऊन म्हणाला, आता जे मागेल ते खायला द्या. मायनं खायला काही मागितलं नाही.

लोकमान दुध्या घेऊन आला त्या दिवशी मी चुलीपाशी होते. मायनं दुध्या मांडीवर घेतला आणि त्याच्यावरून नवजात पोराच्या अंगावरून फिरवावा तसा हात फिरवला.

“आपल्या वेलीचा?”

“हो माय. मांडवावरचा.”

“आपला दुध्या मानेत एवढा बारीक नव्हता रे.”

“औंदा पाऊस फार झाला.”

“पाऊस फार झाला की पोट सुटतं. मान कशी बारीक होईल?”

लोकमान माझ्याकडं बघायला लागला. मी फुंकणी चुलीत घातली.

“मला घरी ने,” माय म्हणाली.

“नेईन की. काम संपू दे. सरकारी माणसं...”

“तुझ्या सरकारला सांग, म्हातारी मरायला टेकलीय. मरायलापण परवानगी लागते का?”

“असं काय बोलतेस!”

“मग कसं बोलू? परवा आक्कास येऊन गेला. म्हणाला, तू ढाक्याच्या लोकांना त्याच्या बोटीत बसवून आपल्या बाजूला फिरवतोस. त्यांना सरकार सोडतं आणि ज्या बाईचं घर आहे तिला सोडत नाही? मी काय दरोडा घालायला निघालेय?”

लोकमाननं दुध्या तिच्या मांडीवरून उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाला, “ये उद्या. पण नुसतं बोटीत बसायचं. उतरायचं नाही.”

“का?”

“काठ कच्चा आहे.”

“काठ कच्चाच होता, लग्न करून आले तेव्हापासून,” माय म्हणाली. पण तिच्या चेहऱ्यावर असा उजेड आला होता की मला तिथं बसवेना.

मी लोकमानच्या मागं अंगणात गेले. “मियाभाई, आता सांगून टाक.”

“तू सांग.”

“तू मोठा आहेस.”

“मोठा म्हणून सगळं मीच बुडवायचं का?” तो म्हणाला. नंतर आवाज खाली आणून, “तिला दिसतंय कुठं? मी लांबूनच एखाद्या काठाची सावली दाखवीन. हे बघ आपलं घर, म्हणीन. ओढ फार आहे, बोट लागत नाही म्हणीन. तिचं मन भरेल, आणि मग...”

“आणि मग तिला पुरायचं कुठं?”

अंगणातल्या कोंबड्या उगाचच हाकलून तो निघाला. फाटकापाशी सवयीनं म्हणाला, “येतो.”

दुसऱ्या दिवशी मायनं धुवट पांढरं लुगडं नेसलं, तेल लावून केस बसवले. डब्यात मुरमुरे आणि गूळ भरून घेतला. “घरात काही नसेल,” म्हणाली. “बंद घर. उंदरांनी काय ठेवलं असेल?”

घाटावर आक्कास नावाडी इंजिनाला दोरी गुंडाळत बसला होता. तो बाबांच्या हाताखाली वाढलेला, मायला चाची म्हणतो.

“चाची, नवरीसारखी नटलीस की!”

“नवरीच आहे रे मेल्या. नवऱ्याकडंच निघालेय.”

आक्कास हसायला गेला आणि मध्येच त्याचं तोंड मिटलं. लोकमाननं त्याला आधीच तंबी दिली होती.

ढाक्याची माणसं चार. त्यातली एक नौरीन, काळा चष्मा, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, सारखी विचारपूस करणारी. तिचा नवरा फोटो काढणारा, आणि त्याचे दोन मित्र, त्यांना रात्रीच्या प्रवासाची झोप. सगळ्यांनी नारिंगी जाकिटं घातलेली. नौरीननं स्वतःचं जाकीट काढून मायच्या गळ्यात अडकवलं.

“हे काय गं?”

“बुडू नये म्हणून, नानी.”

“नदीला कळतं का ते?” माय म्हणाली. पण काढलं नाही. पोरीनं मायेनं घातलं होतं. नारिंगी जाकिटात, मांडीवर मुरमुऱ्यांचा डबा घेऊन, माय बोटीच्या नाकाशी बसली. मी तिच्या पाठीला पाठ लावली, म्हणजे तिची धाप मला कळत राहील.

पाणी शांत होतं. नदी जेवल्यानंतर अशीच असते. पलीकडच्या वाळूवर कास गवताचे तुरे पांढरे पडले होते. मग लोकमान उभा राहिला, डोक्याला गमछा बांधला, आणि बाबांच्या आवाजात बोलायला लागला.

“उजव्या हाताला बघा. हे राजनगर. हे राजाचं मंदिर आहे. एकवीस कळस आहेत. सगळ्यांत वरच्या कळसावर पहाटेचं ऊन आधी पडतं, मग गावात येतं.”

सगळ्यांनी उजवीकडं बघितलं. पाण्यावरून जलपर्णीचा एक पुंजका चालला होता.

“आहे?” नौरीनचा नवरा म्हणाला. “होतं म्हणा की, लोकमानभाई.”

“आम्ही होतं म्हणत नाही, साहेब. नदीनं नेलेली जमीन कधीतरी वाळू होऊन वर येते. आमच्या आज्यानं ज्यावर नांगर धरला, त्यावर आमचा नातू धरतो. म्हणून जे खाली आहे ते आहेच म्हणायचं.”

“आणि मंदिर? ते पण वर येणार?”

“आलं तर तुम्हाला फोन करीन,” लोकमान म्हणाला. सगळे हसले.

मायही हसली. एवढं मोकळं ती कित्येक महिन्यांत हसली नव्हती. “बघ गं फुले, माझं पोरगं पाणी विकतं! मला वाटायचं, मीच तेवढी आंधळी. इथं तर डोळसांनापण काही दिसेना.” मग नौरीनच्या गुडघ्यावर चापटी मारून म्हणाली, “बापाचा गळा आहे हो त्याचा. त्याचा बाप पोथी वाचायला बसला की गाई दूध सोडायला विसरायच्या.”

लोकमान पुढं पुढं दाखवत गेला. इथं तलाव आहे, त्याला चारी बाजूंनी पायऱ्या आहेत. इथं होळीचं पटांगण आहे, राजाच्या हत्तींचे पाय अजून लाल आहेत. इथं नंतरची शाळा आहे. इथं बाजार आहे, शनिवार आणि मंगळवार. शाळा आणि बाजार तर मी स्वतः पाहिलेले. त्या शाळेत मी उशिरा पोचायचे. एवढं सगळं तो दाखवत होता आणि बोट एकाच रंगाच्या पाण्यावरून चालली होती, जणू तो दिवसभर पोथीतल्या एकाच ओळीचा अर्थ सांगतोय. माय प्रत्येक नावाला मान डोलवायची. एकदा गुणगुणलीही:

सोनं नेलं, रूपं नेलं
नेली राजाची पायरी
माझी मातीची ओसरी
कशापायी?

“म्हणजे काय नानी?” नौरीननं विचारलं.

“काही नाही गं. नदीला टोमणा आहे. एवढे राजवाडे खाल्लेस, आता माझ्या झोपडीनं तुझं काय पोट भरणार?”

लोकमाननं आक्कासला डोळ्यानं खूण केली. मला कळलं, तो फिरवायला सांगतोय. आक्कासनं सुकाणू दाबलं. बोटीचं नाक घाटाकडं वळलं.

“तर मंडळी, एवढीच आपली सहल,” लोकमान म्हणाला. “उतरल्यावर चहा घेऊ.”

“आणि तुमचं घर?” नौरीन म्हणाली.

लोकमान ऐकू न आल्यासारखा गमछा सोडायला लागला.

“लोकमानभाई, तुमचं घर राहिलं ना! माझी मैत्रीण गेल्या महिन्यात आली होती. ती म्हणाली, शेवटी ते स्वतःचं घर दाखवतात, तेच सगळ्यांत... म्हणजे, तिथं सगळ्यांना रडू आलं म्हणाली. आम्ही मुद्दाम त्याच्यासाठी आलोय.”

पोरगी वाईट नव्हती. तिला काय माहीत?

माय एकदम ताठ बसली. “घर? मग काय तर! घरी न जाता कसं चालेल? लोकमान, वेड लागलं का तुला? पाहुण्यांना दारावरून परत नेतोस?” आणि नौरीनचा हात धरून, “चल पोरी. आमच्या घरी चला सगळे. मुरमुरे आणलेत मी, गूळ आहे. चूल पेटवायला कितीसा वेळ? रडू कशाला येईल, आमच्या घरात रडण्यासारखं काय आहे? माझा मालक आहे फणसाखाली, पण तो फार हसवणारा माणूस होता.”

नौरीननं चष्मा काढला. एकदा मायकडं, एकदा लोकमानकडं बघितलं. तिला कळत गेलं तसा तिचा चेहरा उतरत गेला. “नाही, राहू दे,” ती पुटपुटली. “राहू दे लोकमानभाई, उशीर झाला.”

“उशीर कसला?” माय म्हणाली. “आक्कास, हिजलतळ्याला घे.”

आक्कासनं लोकमानकडं बघितलं. लोकमान पाण्याकडं बघत उभा होता. त्याच्या मनात काय चाललं होतं, मला दिसत होतं: कुठल्या काठाची सावली दाखवू? पण समोर काठच नव्हता. आणि आता नुसती आंधळी माय नव्हती. चार डोळस माणसं होती, ज्यांच्यासमोर खोटं बोलायचं तर त्यांनाही खोटं बोलायला लावावं लागलं असतं.

“घे,” तो म्हणाला.

बोट वळली. जिथं मी पाय जपत साकव ओलांडायचे त्या जागेवरून आम्ही क्षणात पार झालो. थोडं पुढं गेल्यावर लोकमाननं हात वर केला. आक्कासनं इंजिन बंद केलं. एवढी शांतता झाली की डब्यातले मुरमुरे हललेले ऐकू आले.

“लागली का बोट?” मायनं विचारलं. “घाटाची पायरी निसरडी आहे, सांभाळून उतरा रे.”

लोकमाननं गमछा पुन्हा डोक्याला बांधला. साधं बोलणं त्याला जमलंच नसतं. तो पोथीच्या सुरात बोलायला लागला.

“मंडळी, हे हिजलतळा. डाव्या हाताला बघा. हे अंगण आहे. इथं भात वाळतं. ही ओसरी आहे, मातीची, दर शुक्रवारी सारवलेली. हे स्वयंपाकघर आहे. त्याच्या बाजूला मांडव आहे, मांडवावर दुध्याचा वेल आहे.”

“गोठा राहिला,” माय म्हणाली. तिला अजून कौतुकच वाटत होतं. “गोठ्यावरून यावं लागतं आधी.”

“हा गोठा आहे. हा उंबरा आहे. शिसवीचा, आमच्या आज्यानं आणलेला.” त्याचा आवाज चिरकला. “हा फणस आहे. फणसाखाली आमचे बाबा आहेत. बाबांच्या शेजारी...”

मायनं मान वर केली, एकदा इकडं, एकदा तिकडं, जसं माणूस अंधारात दाराची फट शोधतं. फणसाची सावली पडायला हवी होती. तिच्या तोंडावर नुसता उजेड होता, चहूकडून सारखा.

“आहे म्हणालास,” ती हळूच म्हणाली. “मघाशी त्या राजाच्या देवळालापण आहेच म्हणालास.”

“हो माय.”

“तसंच आहे?”

लोकमान तिच्या पायांशी बसला. “तसंच आहे. तू ढाक्याला होतीस, तुझ्या डोळ्यांवर पट्टी होती. आधी गोठा, मग घर. मी पत्रे तेवढे काढले. बाबांना हलवायला माणसं गोळा करत होतो, तोवर... फणस सगळ्यांत शेवटी गेला माय. रात्रभर धरून उभा होता.”

“आणि दुध्या?”

“बाजारातले.”

तिची पाठ माझ्या पाठीला लागलेली होती आणि त्या पाठीत श्वास सापडेना. मी घाबरून वळले. ती बोटीच्या काठावरून हात खाली सोडत होती. बोटं पाण्याला लागली तशी क्षणभर आखडली, मग तिनं मनगटापर्यंत हात आत घातला.

“आक्कास, खोल किती आहे रे?”

आक्कास म्हणाला, “चाची, इथं बांबू तळाला लागत नाही.”

“माझी खोली?”

लोकमाननं कपाळ तिच्या गुडघ्यावर टेकलं. मी तोंडात पदर कोंबला. मायनं ओले तळवे वर केले आणि कबरीवर म्हणायचं ते म्हटलं, ओठांतल्या ओठांत, सगळं, एकही शब्द न गाळता. मग तळवे तोंडावरून फिरवले.

मला वाटलं, आता ती रडेल, लोकमानला बोलेल, मला शिव्या घालेल. तिनं चाचपडत डब्याचं झाकण उघडलं. ओंजळभर मुरमुरे नौरीनपुढं धरले.

“घे पोरी. दारापर्यंत आलेल्यानं उपाशी परतू नये.”

नौरीनचे डोळे गळत होते. तिनं दोन्ही हात पुढं केले. माय सगळ्यांना वाढत गेली: तिच्या नवऱ्याला, त्या दोन मित्रांना, आक्कासला, मला. लोकमानचं डोकं चाचपून त्याच्या हातात गुळाचा खडा ठेवला, तो लहानपणी रुसला की ठेवायची तसा. तो त्यानं खाल्ला नाही. मुठीत धरून बसला, आणि गूळ पाघळून बोटांमधून गळत राहिला. उरलेले मुरमुरे मायनं पाण्यात सोडले. ते पांढरे ठिपके थोडा वेळ बोटीबरोबर तरंगले, मग ओढीला लागले.

“घे आक्कास,” ती म्हणाली. “वारा सुटलाय.”

आक्कासनं इंजिनाची दोरी हातात घेतली, पण ओढली नाही. तो थांबला होता. मीही थांबले होते, आणि लोकमानही. तिनं तो शब्द म्हटल्याशिवाय आमच्यापैकी कुणी कधी त्या घरातून निघालं नव्हतं. मनात मी तो आधीच म्हणून ठेवला होता, तिच्याच आवाजात, अर्ध्या साकवावरून ऐकलेल्या.

माय वाकली. बोटीच्या ओल्या काठाला उंबऱ्यासारखा हात लावला आणि तो हात कपाळाला नेला. मग शेजारच्या खोलीतल्या माणसाला सांगावं तसं, हळू आवाजात, पाण्याकडं तोंड करून म्हणाली, “जाते हं.”